अर्धवट राहिलेला अभ्यास आणि बाबासाहेब

आपल्या विहारात दर वर्षी १४ एप्रिलला परमपूज्य बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्या वाचून दाखविण्याचा प्रघात आहे. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. लहान मुलं पाढे म्हणावेत तशी त्या म्हणून दाखवतात, मोठी माणसं टाळ्या वाजवतात, आणि मग भोजनदान होतं. यात वाईट काही नाही. पण ही यादी ऐकताना असं वाटतं की बाबासाहेब एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सरळ चढत गेले. तसं झालेलं नाही. मध्ये तीन वर्षं अशी गेली की बॅरिस्टरीचा अभ्यास अर्धवट, लंडनचा प्रबंध अर्धवट, घरात खाणारी तोंडं, आणि हातात नोकरी. कधी तर नोकरीसुद्धा नाही. त्या वर्षांबद्दल आपल्या भाषणांत कोणी फारसं बोलत नाही. विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत आम्ही त्याच वर्षांबद्दल लिहिणार आहोत.

कारण विहाराच्या मागच्या खोलीत संध्याकाळी आपली जी मुलं-मुली अभ्यासाला बसतात त्यांतली निम्मी दिवसभर काम करून आलेली असतात. कोणी कुरियरला, कोणी दवाखान्यात, कोणी दुकानात. कोणाला वायरमनचं लायसन काढायचं आहे, कोणाला अकौंटची परीक्षा, कोणाला खात्याची. पहिले दोन महिने येतात, मग एक-एक गळतो. आम्ही स्वतः गिरणीत असताना बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेचा फॉर्म दोनदा भरला आणि दोन्ही वेळा परीक्षेला बसलो नाही. तिसरी पाळी करून आल्यावर पुस्तक उघडलं की अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागत. तेव्हा आमच्या पुढाऱ्यांनी आम्हाला एकच गोष्ट ऐकवली, की बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत. ते खरं आहे. पण आठ तास यंत्रापुढे उभं राहून आलेल्या माणसाला ही गोष्ट ऐकवली की तो मान खाली घालतो आणि पुस्तक ट्रंकेत ठेवून देतो. म्हणून नोकरीच्या काळात बाबासाहेबांनी नेमकं काय केलं, ते पाहायला हवं.

मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू छावणीत, वडील रामजी सुभेदार, आई भीमाबाई, हे सगळं आपल्या घराघरांत पाठ आहे. तिकडे आम्ही जास्त जात नाही. परळच्या चाळीतली एक गोष्ट मात्र सांगायला हवी. खोली लहान. त्यातच चूल, त्यातच अंथरुणं. सुभेदार भीमाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग त्याला उठवायचे आणि त्याच्या जागेवर आपण आडवे व्हायचे. चाळ झोपलेली, कंदिलाचा उजेड, आणि पोरगं पहाटेपर्यंत वाचतंय. अभ्यासाला वेळ नाही, जागा नाही, अशी तक्रार आपण करतो. सुभेदारांनी वेळ आणि जागा दोन्ही झोपेच्या पाळ्या लावून काढली. गिरणीत एकाच खाटेवर दोन पाळ्यांची माणसं झोपत, तसाच हा प्रकार. आमच्या समजुतीप्रमाणे बाबासाहेबांच्या पहिल्या पदवीत अर्धा वाटा त्या म्हाताऱ्याच्या जागरणाचा आहे.

१९०७ साली मॅट्रिक झाली. त्या वेळच्या सत्कारात कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्यांना भेट दिलं. ती ओळख पुढे कुठवर गेली ते आपण सगळे जाणतोच. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी.ए. झाले. १९१३ च्या जानेवारीत बडोद्याला नोकरीवर रुजू होतात न होतात तोच वडील आजारी, आणि २ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदार गेले. त्याच वर्षी महाराजांनी अमेरिकेला पाठवलं. शिकून आल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षं नोकरी करायची, असा करार झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१५ ला एम.ए., १९१६ ला पीएच.डी.चा प्रबंध दिला, आणि तिथून थेट लंडन. लंडनमध्ये एकाच वेळी दोन ठिकाणी नावं घातली. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. बॅरिस्टर व्हायचं म्हणजे नुसती परीक्षा देऊन भागत नसे. इनमध्ये ठरलेल्या टर्म भराव्या लागत, तिथल्या जेवणांना हजेरी लावावी लागे, फी वेगळीच. म्हणजे माणूस लंडनात राहिला तरच होणार.

आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली.

इथे आमच्यासारख्याने काय केलं असतं? हात कपाळाला लावून बोटीत बसलो असतो. बाबासाहेबही बोटीत बसले, पण त्याआधी एक काम करून आले. प्रा. एडविन कॅनन हे तिथले त्यांचे गुरू. त्यांच्या शिफारशीने लंडन विद्यापीठाकडून परवानगी काढली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. एक कागद, आणि त्यावर मुदत. आम्ही बाबासाहेबांच्या चरित्रात या कागदाला फार मोठं मानतो. शिक्षण सुटलं असं त्यांनी धरलंच नाही. ते तात्पुरतं थांबलंय आणि १९२१ च्या ऑक्टोबरच्या आत परत जायचं आहे, एवढंच धरलं. हिंदुस्थानात पाऊल ठेवलं ते ही तारीख डोक्यात ठेवून.

पहिलं महायुद्ध चालू होतं. ते स्वतः एका बोटीने आले, सामान दुसऱ्या बोटीवर होतं, ती बोट जर्मनांनी पाणतीर मारून बुडवली. जमवलेली कितीतरी पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. ऑगस्ट १९१७ ला मुंबईत उतरले. कराराप्रमाणे सप्टेंबरात बडोद्याला गेले. तिथे काय झालं ते आपल्या पोरांना पाठ आहे. शिपाई लांबून कागद फेकत, प्यायला पाणी नाही, राहायला जागा नाही. नाव लपवून पारशी उतारूखान्यात राहिले तर काठ्या घेऊन लोक दारात आले. कमाठी बागेत झाडाखाली बसून त्यांनी जे अश्रू ढाळले त्यावर आपल्या गायकांनी गाणी केली आहेत, ती आम्ही इथे परत सांगत नाही. आमच्या विषयापुरतं एवढंच, की परदेशात शिकून आलेला हा माणूस त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईत बिनकामाचा बसला होता.

बिनकामाचा म्हणजे रिकामा नव्हे. दोन-चार मुलांच्या शिकवण्या धरल्या. शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचं ऑफिस उघडलं. चालायला लागलं होतं. मग गिऱ्हाइकांना कळलं की सल्ला देणारा अस्पृश्य आहे, आणि गिऱ्हाईक यायचं बंद झालं. सल्ला तोच, आकडे तेच, जात कळली आणि ते चुकीचे ठरले! तरी त्याच १९१८ सालात त्यांनी हिंदुस्थानातल्या शेतीच्या लहान-लहान तुकड्यांवर लेख लिहून अर्थशास्त्राच्या मासिकात छापला. पोटाला काम नव्हतं तेव्हासुद्धा विषय हातातून सोडला नाही.

१९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार महिना ४५० रुपये. त्या काळात आपल्या वस्तीत एवढा पगार कोणी पाहिलेला नव्हता. प्राध्यापकांसाठी पाण्याचं भांडं ठेवलेलं असे. त्या भांड्यातून बाबासाहेबांनी पाणी पिऊ नये म्हणून काही गुजराती प्राध्यापकांनी हरकत घेतली. गिरणीत आपल्या माणसाला विणकामाच्या खात्यात घेत नसत, का तर धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे आणि तो विटाळ होई. म्हणजे परळच्या गिरणीत आणि कॉलेजच्या प्राध्यापकांच्या खोलीत फरक कपड्यांचाच होता.

आता ४५० रुपयांचं त्यांनी काय केलं ते बघा. बंगला घेतला नाही. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्या, त्यातच राहिले. कुटुंब मोठं, भावाची विधवा बायको आणि मुलगा त्यांच्याचकडे. माता रमाईच्या हातात घरखर्चाला ठरावीक रक्कम द्यायची आणि बाकीची बाजूला टाकायची. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२०, म्हणजे सोळा महिने. सोळा गुणिले ४५० केले तर ७,२०० रुपये होतात. एवढ्यातच घर चालवायचं, पुस्तकं घ्यायची, आलेल्या-गेलेल्याला द्यायचं, आणि लंडनला राहायचे पैसेही साठवायचे. आम्ही हा हिशेब कागदावर मांडून पाहिला आहे. रमाईने घरात काय-काय आवळलं असेल ते त्या आकड्यांत दिसतं. चाळीतल्या बायका म्हणत असतील, साहेबाची बायको आणि अशी राहते. तिने राहून दाखवलं.

काही लोक असं समजतात की त्या सोळा महिन्यांत बाबासाहेब रात्री बसून बॅरिस्टरीची पुस्तकं पाठ करीत असतील. आमचं म्हणणं वेगळं आहे. बॅरिस्टरी लंडनलाच होणार होती. मुंबईत असताना त्यांनी तीन गोष्टी धरून ठेवल्या, पैसा, मुदत आणि विषय. विषय म्हणजे असा, की कॉलेजात ते जे शिकवीत तोच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, अर्थशास्त्र. वर्गावर जाण्यापूर्वी ते भरपूर तयारी करीत, आणि बाहेरच्या कॉलेजातली मुलंही त्यांचं व्याख्यान ऐकायला येत. म्हणजे जे वाचन नोकरीसाठी लागत होतं तेच पुढे परीक्षेला उपयोगी पडलं. आपल्यातला जो पोरगा इलेक्ट्रिकच्या दुकानात काम करतो आणि वायरमनच्या परीक्षेला बसतो, त्याला हे लगेच समजेल. जो कुरियर करून अकौंट शिकतो त्याला हे जमणं कठीण, हेही आम्ही मान्य करतो. त्याची ओढाताण जास्त आहे.

आणि हे सगळं चालू असताना समाजाचं काम थांबलं होतं का? २७ जानेवारी १९१९ ला मताधिकाराच्या साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' पाक्षिक सुरू केलं. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी त्याला २,५०० रुपये दिले होते. कॉलेजची नोकरी असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचं नाव घातलं. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली आणि त्याच महिन्यात कॉलेजची नोकरी सोडली. इकडे समाज म्हणू लागला होता, हाच आमचा पुढारी. आता जाऊ नका, असं म्हणणारे त्यांना भेटले नसतील काय? चांगलं काम हेही अभ्यास सुटायचं मोठं कारण असतं. आम्ही मोर्चे, सभा, जयंतीची वर्गणी यांत इतके फिरलो की आमचा बॉयलरचा फॉर्म पडून राहिला, आणि दोष आम्ही तिसऱ्या पाळीला देत राहिलो.

बाबासाहेब मात्र गेले. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज, एवढ्यावर जुलै १९२० मध्ये निघाले. सप्टेंबरअखेर परत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव चालू झालं. मुदत १९२१ च्या ऑक्टोबरपर्यंत होती, एक वर्ष हातात ठेवून पोचले.

अठरा तासांची गोष्ट इथली आहे. सकाळी थोडीशी न्याहारी, की चालत ब्रिटिश म्युझियमची लायब्ररी. बंद होण्याची वेळ झाली की पहारेकऱ्याने उठवायचं. मग इंडिया ऑफिसची, विद्यापीठाची लायब्ररी. रात्री पोटात आग पडली की ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे, आणि पुन्हा वाचायला बसायचं. बसचं भाडं वाचवायला मैलोगणती चालायचे. आम्ही एवढंच सांगतो की हे अठरा तास आधीच्या सोळा पगारांनी विकत घेतलेले होते. त्या तासांत नोकरी नव्हती. नोकरीच्या आठ तासांवर आणखी अठरा तास कोणाच्याच दिवसात बसत नाहीत, दिवस चोवीसच तासांचा.

इकडे मुंबईत रमाईचे हाल चालू होते. ठेवलेले पैसे पुरत नव्हते. लंडनला पत्र जायचं, तिकडूनही हात रिकामेच असल्याचं पत्र यायचं. रमाईच्या पाच लेकरांपैकी चार लहानपणीच गेली, एकटे यशवंतराव राहिले. पदव्यांची यादी वाचताना हे कोणी वाचत नाही. विहारातल्या भगिनींना आमची विनंती आहे की पुढच्या जयंतीला त्यांनी रमाईचा तो हिशेब मुलांना सांगावा.

जून १९२१ ला एम.एस्सी. झाली. २८ जून १९२२ ला ग्रेज इनने बॅरिस्टर म्हणून बोलावलं. ऑक्टोबर १९२२ ला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध डी.एस्सी.साठी विद्यापीठाला दिला आणि पुढच्या अभ्यासाच्या विचाराने जर्मनीत बॉनला गेले. तर लंडनहून कॅनन साहेबांचा निरोप आला, परत या. प्रबंध परीक्षकांच्या पचनी पडला नव्हता. इंग्रज सरकारच्या चलनाच्या धोरणावर त्यात सरळ-सरळ टीका होती. मांडणी बदलून परत द्या, असं सांगण्यात आलं. तोवर पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला परतले, ते डी.एस्सी. न घेताच.

म्हणजे परत तीच गत, सहा वर्षांपूर्वीसारखी. अभ्यास अर्धवट आणि बोट मुंबईच्या धक्क्याला. या वेळी हायकोर्टात वकिलीची सनद घ्यायलाही पैसे नव्हते, तेही नवल भथेनांनीच दिले. सॉलिसिटर लोक अस्पृश्य बॅरिस्टरला काम देत नव्हते. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, एकीकडे नवी वकिली उभी करीत, परळच्या त्याच चाळीत बसून त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला. शब्द मवाळ केले, निष्कर्ष तसेच ठेवले. ऑगस्टमध्ये प्रबंध लंडनला धाडला. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. पुस्तक निघालं ते आई-वडिलांना अर्पण केलेलं. रात्री दोनला उठवणारे सुभेदार तेव्हा दहा वर्षांपूर्वीच गेलेले होते.

आम्हाला विचाराल तर सगळ्या पदव्यांत ही डी.एस्सी. आम्हाला जास्त जवळची वाटते. लंडनच्या लायब्ररीत सुरू झालेली, पण पुरी झाली ती परळच्या गोंगाटात. धम्मात ज्याला अप्रमाद म्हणतात तो असाच असावा असं आम्हाला वाटतं. परत आलेलं बाड पुन्हा उघडायला जी छाती लागते, ती पहिल्यांदा लिहायलासुद्धा लागत नाही. आम्ही तिसऱ्यांदा फॉर्म भरला तेव्हा परळची ही चाळ मुद्दाम लांबून बघून आलो होतो. त्या वेळी परीक्षेला बसलो.

पुढे जून १९२५ ते मार्च १९२८ बाबासाहेब बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत. हिशेबाच्या परीक्षेला बसणारी मुलं त्यांच्यापुढे असत. दिवसा कोर्ट, कोर्टानंतर परळच्या दामोदर हॉलमधलं ऑफिस, आणि मध्ये ही शिकवणी. २० मार्च १९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह याच नोकरीच्या काळातला. १९२८ साली ते सरकारी लॉ कॉलेजात शिकवायला गेले आणि १९३५ साली तिथेच प्रिन्सिपॉल झाले.

८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं. केळुसकर गुरुजींच्या पुस्तकातलं नाव एकोणचाळीस वर्षांनी दारावर लागलं. कॉलेज मरीन लाइन्सच्या लष्करी बराकींत भरे. वर्ग सकाळचे ठेवले होते, नोकरी करणाऱ्या मुलाला शिकून कामावर जाता यावं म्हणून. पुढच्या वर्षी रात्रशाळाही काढली. सोळा पगार साठवून ज्याला शिकायला सात समुद्रापलीकडे जावं लागलं, त्याने आपल्या पोरांसाठी वेळापत्रकच बदलून टाकलं. मग सकाळच्या गाडीला परळ, वरळी, नायगावची पोरं डबा आणि वह्या एकाच पिशवीत घालून मरीन लाइन्सला उतरू लागली, आणि तास संपले की तीच पिशवी घेऊन ऑफिसात, गोदीत, गिरणीत जाऊ लागली.